शिंपल्यांची कट्यार

४ जानेवारी २०२५, शनिवार. जालना

निवृत्तीला तीन वर्षं झाली. इतक्या दिवसांत कामासाठी माझ्या दारात आलेला पहिला माणूस म्हणजे रायभान. यावरून माझी काय पत उरली आहे ते दिसतंच.

रायभान आमच्या रोलिंग मिलमध्ये भट्टीवर होता. मी लॅबचा प्रमुख. तो भट्टीत डोकावून नुसत्या रंगावरून तापमान सांगायचा आणि मी यंत्र लावून त्याला खोटं पाडायचो. फरक बहुतेक वेळा दहा-पंधरा अंशांचाच निघायचा, पण फरक तो फरकच. आता तो वडीगोद्रीला मेंढरं राखतो. बरं झालं. ज्याचं त्याला मिळालं.

खुर्चीवर बस म्हटलं तर बसला नाही. घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळलेलं काहीतरी टेबलावर ठेवून म्हणाला, "साहेब, लोखंड वळखणारं तुमच्यासारखं आमच्या पाहण्यात कुणी न्हाई. जरा पाहा."

वीतभर पात्याची जपानी कट्यार. याचा आजा, भिवा, दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात खेचरं हाकायला होता. त्यानं ती आणली. गावात म्हणे सांगतात की भिवानं जपानी अफसराला लोळवून ती हिसकावली. खेचरं हाकणाऱ्यानं! ऐकून मला हसू आवरेना. रायभानही हसला. बहुधा मी हसलो म्हणून.

"तुला काय पाहिजे?" मी विचारलं.

"ही कुणाची, कुठली, येवढं कळालं पाहिजे. आई म्हणून राह्यली, मरायच्या आदुगर ज्याची त्याच्या घरी पोचती करा."

ऐंशी वर्षांपूर्वीच्या जपान्याचं घर शोधणार हे. अंबडचा पत्ता धड सापडत नाही यांना. पंधरा दिवस ठेवून जा, म्हटलं.

५ जानेवारी, रविवार

म्यान पाहिलं. काळं, लाखेसारखं चकचकीत, त्यावर सोन्याच्या भुकटीनं काढलेलं चित्र. मी भिंग लावून पाहिलं. वाटलं वाघ असेल, ड्रॅगन असेल, निदान एखादा ससाणा. निघाले काय? शिंपले! लढणाऱ्या माणसाच्या हत्यारावर समुद्रकाठचे शिंपले. एकूण अठरा. या लोकांनी जग जिंकायला निघावं, हाच विनोद होता.

उषानं चहा ठेवता ठेवता पाहिलं. "अय्या, नऊ जोड्या आहेत की," म्हणाली.

"अठरा आहेत," मी म्हणालो.

तिला मोजता येत नाही, हे मी चाळीस वर्षं जाणतो.

मूठ लहान. माझी करंगळी बाहेर राहते. मुठीला पाकट माशाची कातडी, पांढरी, दाणेदार, म्हणजे घामानं हात घसरू नये. एवढी एक गोष्ट अकलेची.

६ जानेवारी, सोमवार

रायभान सकाळी परत हजर. बाजाराला आल्तो म्हणाला. मी पातं उन्हात धरून पाहत होतो. हा बाजूला उभा राहून म्हणतो, "साहेब, धारेपाशी पाहा. ढग उतरल्यावानी दिसून राह्यलं. पाठीला मातीचा जाड लेप दिला आसल अन् धारेला पातळ. मंग एकदम पाण्यात. धार झटक्यानं विझली, पाठ सावकाश."

"पुस्तकात वाचलंस का?"

"न्हाई जी. असं दिसतंय तं."

मी त्याला जायला सांगितलं. कामात व्यत्यय नको.

८ जानेवारी, बुधवार

आज महत्त्वाचं निरीक्षण नोंदवतो. धारेलगत जी धुरकट लाट दिसते ती शोभेसाठी कोरलेली नाही. पाठीवर मातीचा जाड लेप आणि धारेवर पातळ लेप देऊन पातं पाण्यात विझवल्यामुळे ती आपोआप उमटली आहे. त्यामुळे धार काचेसारखी कठीण आणि पाठ चिवट. धारेचा कठीणपणा रॉकवेल मापात मोजला: एकोणसाठ. पाठीचा त्रेचाळीस. एकाच पात्यात! आमच्या मिलमध्ये सगळी यंत्रं असून एका सळईची दोन टोकं सारखी यायची नाहीत.

याच्यावर लेख लिहिणार आहे. इंजिनियर मंडळींच्या संघटनेत वाचीन. माझी आठवण त्यांना आहे की नाही ते कळेल.

पोलादाला घड्या घालून घालून ठोकलंय. सागाच्या फळीसारख्या रेषा दिसतात. ज्यानं हे केलं त्याच्याकडे तापमापक नव्हता. मग कशावर केलं? नशिबावर, दुसरं काय.

मूठ काढली. सगळा डोलारा एका बांबूच्या खुंटीवर उभा आहे. ती ठोकून काढली की मूठ अलगद निघते. आत गेलेलं लोखंडाचं शेपूट काळ्या गंजानं भरलेलं, आणि त्या गंजात दोन्ही बाजूंना अक्षरं! एका बाजूला पाच-सहा, दुसऱ्या बाजूला उभी ओळ. ऐंशी वर्षांत या घरातल्या कुणी मूठ काढून पाहिली नाही. म्हणूनच मेंढरं राखतात.

रायभानला फोन केला. त्यानं मागं कुणाला तरी ओरडून सांगितलं, "आई, नाव हाय म्हनं! नाव सापडलं!"

मागून बाईमाणसाचं रडणं ऐकू आलं. नाव आहे असं मी म्हणालो नव्हतो. अक्षरं आहेत म्हणालो होतो. या लोकांना फरक कळत नाही.

११ जानेवारी, शनिवार

एसटीनं वडीगोद्रीला जाऊन आलो. लेखासाठी पार्श्वभूमी लागते.

फाट्यावर उतरतो न उतरतो तोच शिवशंकर नावाच्या इसमानं गाठलं. रायभानचा चुलतभाऊ. हायवेला टायरचं दुकान आणि कुठल्यातरी मंडळाचं अध्यक्षपद. दंडात ताईत, पांढरे बूट. "सर, सव्वीस जानेवारीला कार्यक्रम ठेवून राह्यलो. वीर भिवाजींची तलवार! तुम्ही तज्ज्ञ म्हणून दोन शब्द बोला. फक्त ते अफसराला मारल्यालं जरा बराबर रंगवून सांगा." फ्लेक्सचा नमुना दाखवला. त्यात भिवाच्या धडावर कुठल्यातरी पैलवानाचे दंड चिकटवलेत आणि हातात त्याच्याच उंचीची तलवार. त्या माणसाचा मूर्खपणा मोजायला आमच्या लॅबमधलं एकही यंत्र पुरलं नसतं. निमंत्रण मात्र स्वीकारलं. बऱ्याच दिवसांत कुणी सर म्हणालं नव्हतं.

रायभानची आई गोपिकाबाई ऐंशीच्या घरातली. भिवाची लेक, एकुलती, म्हणून जावई घरी आणलेला. रायभानच्या बायकोनं, शालूनं, पाट दिला. म्हातारी माझ्याकडे न पाहता बोलायला लागली. जमेल तसं उतरवतो.

"बाबानं कुणाला मारलं न्हाई. खेचर सुटलं म्हून वढ्यात उतरला, तं तिथं एक जपानी पोरगा पडल्याला. कमरंखाली काई राह्यलं नव्हतं त्याचं. बाबानं टोपीनं पाणी पाजलं. तीनदा. मंग त्या पोरानं सदऱ्यातून, पोटापासून, हे काढलं अन् बाबाच्या हातात कोंबलं. अन् एकच बोल सारखा बोलाया लागला. सारखा सारखा. बाबाला त्याची बोली कुठं येती? 'ह्यानं मला मार' म्हणून राह्यला का 'हे माझ्या घरी पोचव' म्हणून राह्यला? बाबाला मरेस्तोवर कळालं न्हाई. तेवढ्यात पलटण हालली. बाबा हे घिऊन तसाच पळाला. न मारलं, न पोचवलं."

मग म्हणाली, "अन् ही बाईची हाय, सायेब."

"कशावरून?"

"मूठ माझ्या हातात बसती. घरात गड्याच्या कुणाच्याच बसत न्हाई."

हा काय पुरावा झाला? मी वहीत लिहून घेतलं नाही.

पातं मात्र ऐंशी वर्षं गंजलं नाही, हे खरं. दर अमावास्येला करडीचं तेल लावून लोकरीत गुंडाळायचे म्हणे. चुकून बरोबर निघालं.

१४ जानेवारी, मंगळवार

तिळगूळ द्यायला कुणी आलं नाही. मीही कुठे गेलो नाही.

शेपटावरची अक्षरं गंजामुळे फोटोत धड येत नाहीत. परदेशातल्या एखाद्या संग्रहालयाला असला काळपट फोटो पाठवला तर माझ्याबद्दल काय मत होईल? त्यामुळे अजून काढलाच नाही.

उषा म्हणाली, "अहो, अर्पिताला विचारा ना. तिला वाचता येईल."

अर्पिता आमची मुलगी. मेटलर्जीची जागा मिळत होती, ती सोडून जपानी भाषा शिकली. आता पुण्यात कुठल्याशा कंपनीत दुभाष्याचं काम करते. म्हणजे दुसऱ्यानं बोललेलं परत बोलते. गेल्या गणपतीत मी तिला हेच म्हणालो, तेव्हापासून ती आईशीच फोनवर बोलते.

मी अर्पिताला विचारणार नाही.

१५ जानेवारी, बुधवार

जे झालं ते क्रमानं लिहितो.

सळईवरचा गंज काढायला आम्ही आयुष्यभर आम्ल वापरलं. त्यात गैर काही नाही. फोटो स्वच्छ यावा म्हणून शेपूट सौम्य आम्लात दोन मिनिटं बुडवायचं ठरवलं. पात्याला मेण लावून घेतलं होतं. सगळी काळजी घेतली होती.

तेवढ्यात संघटनेच्या सचिवाचा फोन आला. लेख 'पुढेमागे कधीतरी' घेऊ म्हणाला. मी त्याला त्याची लायकी सांगितली. त्याला वेळ लागला. अकरा मिनिटं.

परत आलो तर आम्ल तपकिरी झालेलं. शेपूट काढलं, धुतलं, मऊ पडलेला थर तारेच्या ब्रशनं घासला. खाली लोखंड चांदीसारखं लख्ख निघालं. अक्षरं नव्हती.

ती उथळ कोरलेली असणार. उरली होती ती गंजाच्या थरातच. कारागिराचा दोष. चांगल्या कारागिरानं खोल कोरायला हवं होतं.

१६ जानेवारी, गुरुवार

तिरप्या उजेडात पाहिलं. तेल लावून पाहिलं. कागद ठेवून शिसपेन्सिल फिरवून पाहिली. एका बाजूला दोन खाचा. बस्स.

जेवलो नाही. उषाला पोट बिघडलं म्हणून सांगितलं.

१९ जानेवारी, रविवार

उषानं माझ्या परोक्ष अर्पिताला म्यानाचे फोटो पाठवले. अर्पितानं ते तिच्या ऑफिसातल्या एका वयस्क जपानी बाईंना दाखवले आणि आज मला फोन केला. स्वतःहून. चार महिन्यांनी.

"बाबा, ते शिंपले जोडीचे आहेत. एका शिंपल्याची दोन अर्धी असतात ना, ती एकमेकांनाच बसतात, तिसऱ्या कशाला बसत नाहीत. म्हणून ते लग्नाचं चिन्ह. मुलगी सासरी निघाली की आई तिला अशी कट्यार द्यायची, संकटापासून राखण म्हणून. कमरेला खोचायची. हे बाईचं हत्यार आहे."

म्हणजे त्या पोराच्या आईनं, लढाईवर निघताना, आपली सासरी आणलेली राखण त्याच्या पोटाशी बांधली असणार. हे अर्पिता म्हणाली. मी फक्त लिहितोय.

"आणि मुठीच्या आत काही लिहिलं असेल तर त्याला हात लावू नका हं बाबा. गंज अजिबात काढायचा नसतो. त्या गंजावरूनच वय कळतं, तोच वाचतात. घडवणाऱ्याचं नाव असतं, कधी कधी ज्याच्यासाठी घडवली त्याचंही."

मी म्हणालो, "ठीक आहे."

"लिहिलंय का काही?"

"पाहतो," म्हणालो आणि फोन उषाला दिला.

२२ जानेवारी, बुधवार

अहवाल तयार केला. 'मुठीतील भागावर वाचनीय मजकूर आढळत नाही.' वाक्यात एक शब्दही खोटा नाही. आढळत नाही, हे खरंच आहे.

टाईप केलेला कागद तीनदा वाचला. भाषा उत्तम.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन, मग शाळेपुढच्या मंडपात शिवशंकरचा कार्यक्रम. तो दंडवाला फ्लेक्स कमानीइतका उंच. ढोल. मी मूठ बसवून सोबत आणलेली कट्यार लाल मखमलीवर, शेजारी नारळ. गोपिकाबाई पुढच्या रांगेत, डोक्यावरून पदर, मांडीवर हात. शिवशंकरनं माईकवरून अफसराला दोनदा मारलं. दुसऱ्या वेळी अफसर तीन झाले.

मग मला बोलावलं. मी फ्लेक्सकडे पाहिलं आणि मला किळस आली. बोललो ते असं: "ही तलवार नाही. कट्यार आहे, आणि बाईची आहे. हिनं कुणी मेलं नाही. भिवांनी मरणाऱ्या शत्रूला पाणी पाजलं, एवढीच या कट्यारीची कथा. हा वरचा फोटो खोटा आहे आणि तो लावणारा गाढव आहे."

शिवशंकरनं माईक ओढला. मागून कुणीतरी टाळी वाजवली. गोपिकाबाई रडत होती आणि माझ्याकडे हात जोडत होती. खाली उतरलो तर रायभाननं माझे पाय धरले. "साहेब, आईच्या मनातलं बोलले तुम्ही."

म्हातारीनं विचारलं, "अन् नाव? काय निघालं?"

मी म्हणालो, "अहवाल देतो." दिला. रायभान घडी उलगडून वाचायला लागला. शेवटची ओळ यायच्या आत मी एसटीत बसलो.

आज मी एकटा खरं बोलणारा माणूस होतो. मग घरी येताना बदनापूर कसं लागलं ते कळत नाही. वडीगोद्रीची एसटी बदनापूरवरून जातच नाही. म्हणजे मी चुकीच्या गाडीत बसलो होतो.

२८ जानेवारी, मंगळवार

काल परत गेलो. उषाला सांगितलं नाही. अहवाल मागे घ्यायचा, एवढंच काम होतं.

रायभान मेंढरांना पाणी दाखवत होता. म्हातारी ओट्यावर. शालू वाल सोलत होती. मी उभ्यानंच सांगितलं.

"अक्षरं होती. माझ्या हातून गेली. आम्लात ठेवलं अन् विसरलो."

रायभाननं हातातली बादली खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. बावीस वर्षांत त्यानं माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. भट्टीत डोकावायचा तसं, रंग जोखल्यासारखं. मग मेंढरं घेऊन निघून गेला.

मी शिव्यांची वाट पाहत होतो. शिव्या बऱ्या पडल्या असत्या. त्यांना उत्तरं देता येतात.

गोपिकाबाई म्हणाली, "तुमी पाह्यली व्हती ना, ती अक्षरं?"

"पाहिली होती."

"दुसऱ्या कुणी?"

"नाही."

"मंग काढून दाखवा. शालू, वही दे सायबाला."

चौकटीची वही आणि पेन्सिल. मी ओट्यावर बसलो. आठ जानेवारी ते पंधरा जानेवारी, आठवडाभर ते शेपूट माझ्या टेबलावर होतं. भिंग होतं, दिवा होता. मला आठवलं ते असं: धार एकोणसाठ, पाठ त्रेचाळीस. शेपटाची लांबी, जाडी, भोकाचा व्यास. गंजाची जाडीसुद्धा. अक्षर एकही आठवेना. म्हातारी कागदाकडे पाहत होती. तिला वाचता येत नाही. मला वाचता येतं, आणि मी वाचण्यासारखं काही पाहिलंच नव्हतं.

किती वेळ गेला कोण जाणे. शालूचे वाल सोलून झाले, ती आत गेली. मग एकच आकार डोळ्यांपुढे आला, उभ्या ओळीतला शेवटून दुसरा. तो मी त्या वेळी पाहिला होता तो हसण्यासाठी. ही लिपी आहे की पोरांची चित्रं, असं म्हणालो होतो मनात. वर छप्पर. त्याखाली मांडी घालून बसलेली बाई. चारदा खोडून काढलं.

शालूनं त्याचा फोटो काढला. मी अर्पिताला फोन केला आणि सगळं सांगितलं. सगळं. "बाबा..." म्हणाली आणि थांबली. मग तिच्या कामाच्या आवाजात म्हणाली, "हे अक्षर बायकांच्या नावात येतं. पण लाखो बायकांच्या. यावरून घर सापडणार नाही."

"अर्थ काय?"

"छपराखाली बाई, असंच बनलंय ते. अर्थ निवांत. सुखरूप."

मी गोपिकाबाईला सांगितलं. नाव नाही, एकच अक्षर आहे. शोधून उपयोग नाही, लाखो आहेत, हेही सांगितलं. तिनं वही जवळ ओढली आणि त्या चित्रावरून बोट फिरवलं, छपरावरून खाली, मग बाईवरून.

"घरात बसल्याली हाय की," ती म्हणाली. "सुखरूप. पोराची वाट पाहून राह्यली." आणि मग म्हणाली, "सायेब, ह्या माऊलीला आता कोण सांगंल, तिचं पोरगं पाणी पिऊन मेलं म्हून?"

मी सांगणार होतो की लिपी अशी वाचत नसतात; चित्रावरून गोष्ट रचणं हा अडाणीपणा आहे. बोललो नाही.

रायभान फाट्यापर्यंत सोडायला आला नाही. मी चालत गेलो.